जुन्या कॅसेट यात चालत नाहीत

आमच्या घरी हातात धरून खेळायचं गेमचं मशीन आलं तेव्हा मी सातवीत होते आणि भाऊ दहावीत. आम्ही अकोल्याचे. शहराच्या कडेला आमची फुलांची शेती होती. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. बाबा पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायचे आणि दहाच्या सुमाराला परत यायचे. अशा घरात तसलं मशीन विकत येण्याचा प्रश्नच नव्हता. ते मामाने आणलं. मामा जहाजावर नोकरीला होता. घर अमरावतीला, पण वर्षातले दीड-दोन महिनेच तो तिथे असायचा, आणि दर वेळी आमच्यासाठी काही ना काही घेऊन यायचा.

मशीन जांभळं, आडवं, तळहातापेक्षा थोडं मोठं. वरच्या बाजूला एक खाच आणि त्या खाचेत बसवायच्या तीन कॅसेट. खरं तर त्या कॅसेट नव्हत्या, प्लॅस्टिकच्या चपट्या वड्या होत्या, पण आमच्याकडे सगळे त्यांना कॅसेटच म्हणायचे. एक गाड्यांच्या शर्यतीची, एक फुटबॉलची आणि एक गावाची. पहिल्या दोन भावाने घेतल्या. गावाची त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून ती माझी झाली. तिच्या मागच्या कोपऱ्यात मी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, म्हणजे पुढे भांडण नको.

त्या खेळात आपल्याला एक पडीक शेत मिळायचं. दगड वेचायचे, बी पेरायचं, पाणी घालायचं. पुढे एक गाय घेता यायची. तिला रोज ब्रशने घासावं लागायचं, चारा घालावा लागायचा. दोन दिवस विसरलं की ती तोंड फिरवून उभी राहायची. खेळ जिथे सोडू तिथूनच पुढे सुरू व्हायचा, कारण शेत, गाय, सगळं त्या कॅसेटच्याच पोटात साठवलेलं असायचं, मशीनमध्ये नाही. ही गोष्ट मला फार आवडायची. माझं शेत माझ्या खिशात मावायचं.

बाबा कधी कधी जेवण झाल्यावर माझ्या खांद्यावरून बघायचे. एकदा म्हणाले, "चार दिवसात गाजर? पाणी तर तुनं दोनदाच देल्लं."

"खेळ हाये बाबा."

"खेळच असन. असं असतं तर म्या बंगला बांधला असता."

पण ते बघत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "गाईले घास आधी. मंग दुसरं काम."

त्या शेतात मी जवळजवळ चार वर्षं काढली. शाळेतून आल्यावर अर्धा तास, सुट्टीत दुपारभर. खेळातलं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा भाऊ इंजिनिअरिंगला अमरावतीला होता आणि मशीन माझ्या एकटीच्या हातात आलं होतं. मी अकरावीत गेले त्या मे महिन्यात एक दिवस ते खिडकीत विसरलं. अकोल्याचं ऊन. संध्याकाळी हात लावला तर चटका बसला. पडद्यावर आधी रेघा आल्या, दोन दिवसांनी पडदा काळा झाला तो झालाच. चूक माझी होती, म्हणून मी कुणाला फारसं बोलले नाही. फक्त मामाचा कुठल्याशा बंदरावरून फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. तुह्या कॅसेट तेवढ्या सांभाळून ठेव." मला वाटलं, समजूत घालतोय.

दिवाळीत भाऊ घरी आला तो नवीन मशीन घेऊन. पांढरं, पावडरच्या डबीसारखं उघडमिट होणारं, आत दोन पडदे. "मामानं देल्लं," म्हणाला. मी पळत जाऊन माझी कॅसेट घेऊन आले. पण या मशीनच्या वरच्या खाचेत पोस्टाच्या तिकिटाएवढे नवे गेम बसत होते. माझी कॅसेट तिथे जाणं शक्यच नव्हतं. मी मशीन उलटसुलट करून पाहिलं. खालच्या बाजूला एक लांब फट होती आणि तिच्यावर पांढरं झाकण बसवलेलं होतं.

"हे काय हाये?"

"हवा जायले. गरम होते ना मशीन. ते काढू नको, धूळ गेली तर खराब होईन."

मी कॅसेट त्या झाकणाशेजारी धरून बघितली. "रुंदी तर सारखीच दिसते."

त्याने माझ्या हातातून मशीन घेतलं, घाईने नाही, सहज. "रुंदी सारखी असून काय होते? जुन्या कॅसेट यात चालत नाहीत. कंपनीले नवीन गेम विकाचे असतात. जुनं चाललं तर नवीन कोण घेईन?"

हे मला पटलं. आजही कुणी सांगितलं तर पटेल असंच आहे ते. तो इंजिनिअरिंगला होता आणि मी फळीवरचा दिवा गेला तरी त्यालाच विचारायची.

भाऊबीज झाल्यावर तो परत निघाला. बॅग भरता भरता म्हणाला, "त्या तीन कॅसेट दे मले. रूमवर एका पोराजवळ जुनं मशीन हाये. अथी पडून खराब होतीन. मी पाहत जाईन तुही गाय."

मी दिल्या. तीनही, एका चष्म्याच्या डबीत घालून. वर कापूस ठेवला.

पुढचे काही महिने त्याचा फोन आला की मी विचारायची, "गाय कशी हाये?" तो म्हणायचा, "मस्त हाये." मग माझी बारावी आली आणि मी विचारायचं सोडलं. मामाला फोन करावा असं कधी वाटलं नाही असं नाही. पण काय बोलणार? भावाला त्याने मशीन दिलं, मला काही नाही. त्याबद्दल फोन करणं म्हणजे मागण्यासारखं झालं असतं. पुढे तो सुट्टीवर आला की मी भेटले, पाया पडले, चहा घेतला. पूर्वी तो तासभर जहाजाच्या गोष्टी सांगायचा. आता अभ्यासाची चौकशी करून पेपर उघडायचा. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून असेल.

मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केलं, लग्न होऊन अमरावतीत आले, एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले. भाऊ काही वर्षं बाहेर नोकरी करून अकोल्याला परतला. आता तो ठिबक सिंचनाचं सामान विकतो आणि शेतीही बघतो. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. आई त्याच्याकडे असते. आमचं चांगलं होतं. बाबांच्या आजारपणात दवाखान्यातल्या सगळ्या गोष्टी तो मला फोनवर सांगायचा आणि मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

या मे महिन्यात त्याची मुलगी, माझी भाची, सुट्टीला माझ्याकडे आली. अकरा वर्षांची आहे. तिच्या पिशवीत ते पांढरं मशीन होतं.

"आत्या, बाबाच्या कपाटात सापडलं. चालूच नाही होत. तू नीट करून आणशील?"

मी ते कित्येक वर्षांनी हातात घेतलं. बिजागरी ढिली झाली होती. आणि खालच्या बाजूला, जिथे झाकण असायचं, तिथे झाकण नव्हतं. त्या फटीतून करड्या प्लॅस्टिकची एक कड थोडी बाहेर आली होती. मला वाटलं, काहीतरी तुटून अडकलंय.

राजकमल चौकाजवळ मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे आम्ही दोघी गेलो. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने बॅटरी काढली, ती फुगली होती. मग खालची कड दोन बोटांनी धरून हलकेच ओढली आणि एक कॅसेट बाहेर आली. त्याने ती काउंटरवर उलटी ठेवली. कोपऱ्यात लाल ठिपका.

"ही इथे कशी गेली?" मी म्हणाले.

"जाईन नाही तर काय ताई? इच्यासाठीच तर हाये ती जागा. यात दोन टाइपचे गेम चालतात. वरती नवीन, खाली जुने."

"जुने यात चालत नाहीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, मी भाव करतेय. "पहिलेपासून चालतात. बसा, दाखवतो."

त्याने कुठून तरी दुसरी बॅटरी बसवली, कॅसेट परत फटीत ढकलली आणि मशीन उघडून माझ्यासमोर धरलं. तीच धून वाजली. तोच रस्ता, तीच विहीर. वरती माझ्याच नावाची अक्षरं, कारण खेळ सुरू करताना मी ती घातली होती. पण वर्ष तिसरं नव्हतं, सातवं होतं. शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पीक ओळीने लावलेलं. मी गोठ्याकडे गेले. बोटांना वाट अजून माहीत होती. गोठा रिकामा होता. खेळात गाय मरत नाही, ती फक्त विकता येते.

भाची विचारत होती, "आत्या, हा कोणता गेम आहे? मला पण दे ना." मी तिच्या हातात मशीन दिलं आणि दुकानाच्या बाकावर बसून राहिले. भावाने खोटं सांगितलं, एवढंच असतं तर कदाचित मी हसलेही असते. पण मी "गाय कशी हाये" विचारायची आणि तो "मस्त हाये" म्हणायचा, त्या वेळी तो माझ्या नावाने माझ्याच शेतात फिरत होता.

आठ दिवसांनी भाचीला पोचवायला मी अकोल्याला गेले. भाऊ ओसरीत पाइपांची भेंडोळी मोजत होता. आई आत होती. मी मशीन त्याच्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं.

"हे दुरुस्त झालं."

"अरे वा. भंगारात देणार होतो म्या."

"माह्या कॅसेट यात चालत होत्या."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसणं थांबवलं. "किती वर्षं झाली त्याले, बाई."

"तू म्हणला होता, ती फट हवेसाठी हाये."

बराच वेळ तो भेंडोळ्याची दोरी सोडत आणि बांधत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगतो. मामानं ते दोघांसाठी देल्लं होतं. तुले सांगतलं असतं, तर तू म्हणली असती घरीच ठेव. बाबानंही ठेवून घेतलं असतं. पहिल्या वर्षी माहे दोन विषय गेले होते. घरी सांगतलं नव्हतं. रूमवर सगळे पुण्या-नागपूरचे पोरं, माह्या बोलण्यावर हासत. तेवढं मशीन होतं मले. बस."

हे मला माहीत नव्हतं. विषय गेल्याचं तर कुणालाच माहीत नव्हतं. मला त्या मुलाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. राग निम्मा उतरला.

"गाय काहून विकली?"

"कोणती गाय?"

आई पाणी घेऊन बाहेर आली. आमच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं?" भाऊ म्हणाला, "काही नाई, जुन्या खेळण्याचं." आई म्हणाली, "या वयात खेळण्यावरून भांडता का?" मी जेवले आणि दुपारच्या गाडीने परत आले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्याला जवळजवळ माफ केलं होतं. दोघांसाठी असलेली वस्तू त्याने एकट्याने ठेवली. एकटा होता. भावंडं असं करतात.

त्यानंतर महिनाभराने मी मामाकडे गेले. मामाचं घर माझ्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे आणि मी वर्षातून दोनदा जाते, हे लिहितानाही लाज वाटते. तो आता सत्तरीचा आहे, गुडघे गेलेत. मामी स्वयंपाकघरात होती. बोलता बोलता मी त्या मशीनचं सांगितलं, हसत, की बघ मामा, तू दोघांसाठी आणलं आणि भावाने मला कसं फसवलं.

मामाने पेपर बाजूला ठेवला.

"दोघांसाठी? दोघांसाठी काहून आणीन? त्याले म्या घड्याळ देल्लं होतं. मशीन तुह्यासाठी होतं."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"तूच फोनवर म्हणली होती ना, पडदा गेला म्हणून. सिंगापूरच्या दुकानात तो माणूस मले दुसरंच दाखवून राह्यला होता, मोठं, चकचकीत. म्या म्हणलं, माह्या भाचीजवळ जुन्या कॅसेट हायेत, त्या चालतीन असंच पाह्यजे. त्यानं कपाटातून एक जुनी कॅसेट काढली, खालून घालून दाखवली. मंगच घेतलं. तुहा भाऊ अथी शिकत होता, त्याच्याजवळ देल्लं. म्हणलं, दिवाळीले जाशील तवा बहिणीले देजो."

"मले माहीत नव्हतं, मामा."

"तुह्या फोनची वाट पाह्यली म्या. दोन दिवाळ्या. मामी म्हणे, पोरी मोठ्या झाल्या की मामाची चीज त्यायले लहान वाटते. म्हणलं असन."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मामी ऐकत होती. मी उठून मामाच्या पायाशी बसले. म्हटलं, "लई आवडलं असतं मले." तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मले वाटलंच होतं तुले आवडन." आणि मग आम्ही दोघं उगाच पेपरकडे बघत राहिलो.

भावाने अकरावीतल्या मुलीला फसवलं ते एक. ते पोरकटपणात गेलं असं म्हणता येतं. पण महिन्यापूर्वी ओसरीत बसून, "खरं सांगतो" म्हणून त्याने जे सांगितलं, त्यातही एक खोटं नीट जपून ठेवलं होतं. "दोघांसाठी." ते ऐकून मी त्याला माफ करत मूर्तिजापूरपर्यंत आले होते. त्याच्यापायी मामाने इतकी वर्षं मला कृतघ्न समजावं आणि मी मामाला आतड्याचा कोरडा समजावं, हे त्याच्या गावीही नसेल.

त्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. त्याने पूर्वी सांगितलेली एकेक गोष्ट आठवायची आणि ती खरी होती का, असं स्वतःला विचारायचं. बारावीनंतर तो म्हणाला होता, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींच्या होस्टेलची सोय धड नाही, तू बी. एस्सी. कर. खरं होतं का? बाबांच्या शेवटच्या आठवड्यात म्हणाला, डॉक्टर म्हणतात घाई करून यायची गरज नाही. डॉक्टर खरंच म्हणाले होते? यातलं काहीच आता तपासता येत नाही. बहुतेक सगळं खरंच असेल. पण बहुतेक म्हणजे किती, ते मला ठरवता येत नाही.

या वर्षी राखी मी कुरिअरने पाठवली. पहिल्यांदाच. त्याने फोन केला नाही, पोचल्याचा मेसेज केला.

पितृपक्षाच्या आधी तो स्वतःच अमरावतीला आला. दुपारची वेळ, मी क्लासवरून नुकतीच आले होते. त्याने पिशवीतून कागद काढले. बाबांच्या शेतावर आमची नावं लावायची होती. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र.

"वारस नोंदीचं हाये. तिघायचे नावं लागतीन, आईचं, तुहं, माहं. अथी सही कर. बाकी काही नसते त्यात."

पूर्वी मी उभ्या उभ्या सही केली असती. आता मी चष्मा घेतला, टेबलाशी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. माझ्या ओळखीच्या दोन बायकांच्या भावांनी अशाच "बाकी काही नसते" कागदांवर हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. मी प्रत्येक पान दोनदा वाचलं. गट नंबर घरातल्या जुन्या उताऱ्याशी ताडून पाहिला. तो समोर बसून होता. चहा केला नव्हता, त्याने मागितलाही नाही.

मध्येच तो म्हणाला, "मामाकडे गेली होती म्हणे तू."

"हो."

पंख्याचा आवाज येत होता. मी पान उलटलं.

"तुह्यासाठीच होतं ते," तो म्हणाला. "मले माहीत होतं."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

"अर्धं सांगतलं होतं. वाटलं, तेवढ्यात भागन."

मी वाचत राहिले. कागद अगदी बरोबर होते. तिघांची नावं, तिघांचा सारखा हक्क, कुठे एक शब्द इकडचा तिकडे नाही. तो जे म्हणाला होता तेच त्यात लिहिलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता मी फोन घेतला आणि एकेका पानाचा फोटो काढला, मग सही केली. तो ते बघत होता. कागद पिशवीत ठेवताना त्याने फक्त विचारलं, "झालं?"

"झालं."

तो बडनेऱ्याहून साडेपाचच्या गाडीने गेला. खूप वाईट वाटलं मला, विशेषतः चहा न विचारल्याचं. पण फोटो अजून फोनमध्ये आहेत. ते मी पुसलेले नाहीत.